नाव घेत नाही

"हे प्रभू, मी नाव घेत नाही, पण आमच्यात एक जण असा आहे, ज्याचं नारायणगावात मंडप आणि साऊंडचं दुकान आहे, जो तुझ्या मंदिरात माईक लावतो, आणि ऐन बायबलच्या वचनाच्या वेळी त्या माईकमधून कोल्हा रडतो! प्रभू, त्याला सुबुद्धी दे. नाहीतर नवा माईक दे."

डोळे मिटलेले, दोन्ही हात वर, आणि आवाज असा की चर्चच्या कुंपणापलीकडे उसात झोपलेला बिबट्या कूस बदलायचा. नारायणगावात मंडपाचं दुकान असून चर्चमध्ये माईक लावणारा इसम अख्ख्या जुन्नर-आंबेगावात एकच. तो मी. चर्चचा कारभार बघणाऱ्या आम्हा पंचांच्या बैठकीत मी डोळे मिटून दातओठ खात उभा होतो. आणि शेवटी सगळ्यांबरोबर मीही काय म्हणालो? "आमेन."

मंडळी, इथेच त्या माणसाची करामत होती. तोंडावर कोणी बोललं तर तुम्ही उलट बोलाल, कॉलर धराल, निदान उठून तरी जाल. पण हा गृहस्थ बोलायचा देवाशी. दोघांच्या बोलण्यात तोंड घालू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यातून एक जण देव. मग काय करणार?

सगळे त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत. आयुष्यभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. त्यांनी खाली नारायणगावात "घाटघर" असा पुकारा केला की वर घाटघरात माणसं पिशव्या उचलून उभी राहायची, असं म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण म्हणतात. रिटायर झाल्यावर स्टँडचा माईक सुटला आणि साहेब आमच्या चर्चच्या मंडळीला मिळाले. आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे पाद्रीसाहेबांकडे, बरीच गावं. ते महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार पंचांचे, आणि पंच म्हणजे कंट्रोलरसाहेब.

त्यांना जाऊन म्हणावं, "साहेब, जरा बोलायचं व्हतं." की हात वर. "आपण ते प्रार्थनेत घेऊ." आणि प्रार्थनेत घेतलं की तुम्ही गेलात.

गायनमंडळ चालवणारे शांतवनदादा एकदा म्हणाले, गाणी जरा खालच्या पट्टीत घेऊ, आमचे गळे आता म्हातारे झालेत. रविवारी प्रार्थना झाली, "हे प्रभू, नाव घेत नाही, पण पेटीवर बसणाऱ्या एका भावाला आळसाच्या आत्म्यापासून सोडव." चहा करणाऱ्या सुमनकाकूंसाठी, "नाव घेत नाही, पण त्या बहिणीच्या हातून थोडी साखर निसटू दे." पुढच्या रविवारी काकूंनी असा चहा केला की कपात चमचा ताठ उभा राहिला आणि मुंग्या भक्ती संपेपर्यंत पहिल्या बाकावर बसून होत्या.

सूड घ्यायचा मी एकदा प्रयत्न केला. बैठकीत मीच प्रार्थनेला उभा राहिलो. म्हणालो, "हे प्रभू, मीही नाव घेत नाही, पण आमच्यात एक जण दुसऱ्याचं बोलणं कधी ऐकूनच घेत नाही." आमेन म्हणून बसतोय तोवर साहेब उठले. "हे प्रभू, आत्ताच कोणीतरी जी प्रार्थना केली ती तू मनावर घेऊ नकोस." झालं. सगळे म्हणाले, "आमेन."

हे सगळं मी गिळलं असतं. पण त्यांनी रत्नाताईंना प्रार्थनेत घेतलं.

रत्नाताई ओझरच्या. आठवडाभर अंगणवाडी सांभाळायच्या आणि रविवारी आमचं संडे स्कूल. त्यांच्या पदराला पोरं अशी लोंबकळायची की बाई चालत येतात की द्राक्षाचा मांडव चालत येतो, लांबून कळायचं नाही. एका नाताळच्या नाटकात गव्हाणीपाशी कोणकोणती जनावरं ठेवायची, असं त्यांनी पोरांना विचारलं. आमच्या पोरांनी उंट फक्त चित्रात पाहिलेला. पोरं म्हणाली, "बिबट्या." मग पिवळ्या बेडशीटवर बुटाच्या पॉलिशचे ठिपके काढले आणि बेथलेहेमात बिबट्या आला. त्याने बाळ येशूला बघून अशी डरकाळी फोडली की योसेफ पळाला आणि मरीयेने बाळाला पायाला धरून उचललं. लोक हसून हसून बाकाखाली गेले.

एकटे कंट्रोलरसाहेब हसले नाहीत. नंतरच्या बैठकीत त्यांनी हात वर केले. "हे प्रभू, नाव घेत नाही, पण लेकरांना शिकवणारी आमची एक बहीण थकली आहे. तिला विश्रांती दे. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," आम्ही सगळे. रत्नाताईसुद्धा. सवयीने म्हणाल्या, मग डोळे उघडले, मग त्यांना कळलं. बरोबर आणलेली पोरांची चित्रं त्यांनी टेबलावर ठेवली. पुढच्या रविवारपासून त्या शेवटच्या बाकावर.

संडे स्कूल साहेबांनी स्वतः घेतलं. पोरांना फलाटावरच्या रांगेसारखं उभं करून दहा आज्ञा पाठ करून घ्यायचे. पोरं रविवारागणिक गळत गेली. शेवटी वर्गात साहेब आणि त्यांचा आवाज असे दोघंच उरले. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "मुलंच येत नाहीत, तर संडे स्कूल बंद करू. येत्या बैठकीत प्रार्थनेत घेऊ. रत्नाबाईंनी वर्गाच्या कपाटाची किल्ली घेऊन यावं."

म्हणजे आमच्या एका आमेनवर पोरांचा कारभार आटोपणार होता.

टोमॅटो मार्केटमागच्या टपरीवर मी, शांतवनदादा आणि सुमनकाकू जमलो. मी म्हणालो, "ऐन प्रार्थनेत माईकची वायर उपटतो."

"त्यांना माईक लागतोय व्हय?" शांतवनदादा म्हणाले. "माईकलाच त्यांची गरज हाय."

सुमनकाकू बशीत फुंकर मारत होत्या. म्हणाल्या, "आमेन कोण म्हणतं? आपुनच ना? मग म्हणू नका की."

मंडळी, तोफा-तलवारींनी लढाया जिंकणारे वेडे. मी आनंदाने सगळ्या टपरीला भजी चारली.

बैठकीचा दिवस आला. रत्नाताई किल्ली मुठीत धरून कोपऱ्यात उभ्या. साहेबांनी हात वर केले, संडे स्कूल देवाच्या स्वाधीन केलं आणि खणखणीत शेवट केला, "येशूच्या नावाने मागतो."

पंखा फिरला. कोणी बोललं नाही.

"येशूच्या नावाने मागतो," साहेब, जरा वरच्या पट्टीत.

पंखा.

आमेनशिवाय डोळे उघडायचे कसे? साहेबांना वाटलं, काहीतरी मागायचं राहिलं. त्यांनी पाऊस मागितला. कांद्याला भाव मागितला. कालव्याला पाणी, हायवेला शिस्त, जीपवाल्यांना अक्कल मागितली. जुन्नर तालुका संपला, आंबेगाव संपला, साहेब प्रार्थना करत खेडपर्यंत पोचले. माझे पाय बधिर झाले, पण असा गोड बधिरपणा मला जन्मात लाभलेला नाही. किलकिल्या डोळ्याने पाहिलं. शांतवनदादांनी ओठ आत ओढून घेतलेले, काकूंनी तोंडात पदर कोंबलेला.

मग साहेबांचं मागणं संपलं आणि आवाज खाली आला. इतका खाली की पहिल्यांदाच त्यांना माईक लागला असता.

"प्रभू, बिबट्याने मोत्याला नेलं. दारातून. साखळी तेवढी राहिली. ही गेल्यापासून घरात तेवढंच कुत्रं होतं. आणि इथे सगळे त्या डरकाळीला हसत होते. मला नाही हसू आलं, प्रभू."

मी डोळे गच्च मिटून घेतले.

"भाऊ, डोळे उघडा," रत्नाताई म्हणाल्या.

"प्रार्थना संपली नाही अजून."

"ती संपायची न्हाई. डोळे उघडा आन् हे आमाला सांगा."

त्यांनी डोळे उघडले. समोर आम्ही. देवाशी बोलायला न घाबरणारा माणूस आमच्याकडे बघून चाचरला. "मोत्या गेला," म्हणाले.

"कवा?" शांतवनदादांनी विचारलं.

"नाताळाच्या आधी."

"आन् सांगितलं न्हाई?"

"कोणाला सांगू? बैठकीत अजेंडा असतो."

रत्नाताई म्हणाल्या, "तवाच सांगितलं असतं, तर मी उंटावर भागवलं असतं. आता न्हाई. माझं संडे स्कूल माझ्याकडं आन् पुढच्या नाताळाला बिबट्या राहणार."

साहेबांनी त्यांच्या मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले.

"आमेन," सुमनकाकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

तेव्हापासून आमच्या पंचांत रीत पडली. ज्याला जे सलतं ते त्याने समोरच्याच्या तोंडावर, डोळे उघडे ठेवून, नाव घेऊन बोलायचं. समोरच्याने ऐकून मग उत्तर द्यायचं. सगळं बोलून झालं की प्रार्थना. साहेबांना फार जड गेलं. तक्रार करता करता त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. मग शांतवनदादा म्हणायचे, "साहेब, डोळे." ते माझ्या माईकला तोंडावर कोल्हा म्हणाले, मी म्हणालो, कोल्हा माईकमध्ये नाही, तुम्ही माईक गिळता म्हणून तो ओरडतो. त्यांनी माईक वीतभर लांब धरून पाहिला. कोल्हा गेला. पाळकसाहेब आमच्या बैठकीला आले तर त्यांना वाटलं, भांडण लागलंय. तसं ते लागलेलंच असायचं, पण चहाला सगळे थांबायचे.

पुढच्या नाताळाला साहेबांनी स्वतः माईक मागून घेतला. "बेथलेहेमकडे जाणाऱ्या मेंढपाळांनी चढून घ्यावे. बिबट्या मागच्या दाराने येत आहे." पोरं इतकी आली की उसातला खरा बिबट्या जागा मिळेना म्हणून परत गेला.

तुम्हाला वाटेल, माझा सूड फिटला. छे. माणूस सुधारला म्हणून आपला जुना राग काय फुकट घालवायचा? मी संधीची वाट बघत होतो.

ती या उन्हाळ्यात आली. साहेब दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. माती देताना पाळकसाहेबांनी विचारलं, कोणी प्रार्थना करील का? माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. आता मध्ये तोंड घालायला ते नव्हते.

"हे प्रभू," मी ओरडलो, "मी नाव घेत नाही, पण आज तुझ्याकडे एक जण येतोय. आवाज मोठा आहे. त्याला माईक देऊ नकोस. देवदूतांच्या बैठकीत अध्यक्ष करू नकोस. तुझ्याशी बोलता बोलता तो तुझीच तक्रार करील. आणि प्रभू, तुझ्या फाटकाशी मोत्या नावाचं एक कुत्रं असेल, तर ते आधी सोड. म्हणजे तो जरा गप्प बसेल."

पुढे खूप साठवलं होतं. तिथेच म्हणून टाकलं, "येशूच्या नावाने मागतो." सगळे म्हणाले, "आमेन."

परतताना सुमनकाकू शेजारून चालत होत्या. फाटकापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं."