मितालीनं सपाट केलेलं शेत

जयवंतराव शिर्के संस्थानी शिपायांच्या घराण्यातले, पण त्यांचं स्वतःचं आयुष्य गेलं रिफायनरीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पादरा गावाजवळ जमिनीचा लहानसा तुकडा घेतला. माती पार मेलेली. ढेकूळ पाण्याच्या पेल्यात टाकलं की बघता बघता गाळ. तपासणीत सेंद्रिय कर्ब जेमतेम पाव टक्का निघाला. मातीचे कण धरून ठेवणारं कुजकं, जिवंत असं त्यात काही उरलंच नव्हतं.

जयवंतराव हट्टाला पेटले. शेणखत घातलं, ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडला, नांगर जवळजवळ बंद केला. शहरातल्या घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या घरून सकाळी निघायचे ते उन्हं चढल्यावर परतायचे. काही वर्षांनी माती हातात रव्यासारखी मोकळी होऊ लागली, गांडुळं दिसली. पेल्यातलं ढेकूळ आता विरघळेना. कर्ब पाऊण टक्क्यावर गेला. त्या दिवशी ते शेतात एकटेच हसले.

मुलगी मिताली विचारायची, "बाबा, रोज काय करता तिथे?"

"वेळ जातो," एवढंच ते म्हणत.

गेल्या हिवाळ्यात त्यांची बायपास झाली. हिंडूफिरू लागल्यावर मिताली त्यांना गाडीतून शेतावर घेऊन गेली. शेत पटांगणासारखं सपाट झालं होतं.

"जेसीबीनं लेव्हल करून घेतलं," ती कौतुकानं म्हणाली. "खाचखळग्यात तुमचा पाय मुरगळायला नको."

जयवंतराव खाली बसले. हाताला लागली ती खालची पिवळी, यंत्राच्या वजनानं थापलेली माती.

"वरची माती कुठे गेली?"

"त्या खोलगट कोपऱ्यात भरली. मातीच ना सगळी?"

"बरं केलंस," ते म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांना मोडवेना.

पण घरी ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मितालीनं खोदून विचारलं तेव्हा कुठे त्यांनी सगळं सांगितलं.

"एकदा तरी मला दाखवायचं होतंत, बाबा."

मातीचे नमुने त्यांनी हौसेनं प्रयोगशाळेत नेले होते. मुलीला मात्र कधी शेतावर नेलं नव्हतं.

कोपऱ्यातली माती दोघांनी मजूर लावून परत पसरली, पण तिची घडण मोडली होती. पुन्हा ताग पेरला.

"पहिल्यासारखी व्हायला किती वर्षं लागतील?" मितालीनं विचारलं.

"तू येत राहा," जयवंतराव म्हणाले. तोवर आपण असू याची त्यांना खात्री नव्हती.