‘छुट्टी’चा अर्थ

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण त्यातलं एक मला अजून उलगडलेलं नाही.

उरला औद्योगिक वसाहतीत मी लोखंड चढवायला-उतरवायला माणसं पुरवतो. हमाली करत करत ठेकेदार झालो. भावात मला कुणी नमवत नाही, हा माझा तोरा. माझ्याकडच्याच एका हमालानं, दुकालूनं, नमवलं. एका रविवारी ट्रक भरायला मला तो एकटाच हवा होता, तर चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणतो कसा — “इतवार के दूना लागही भैया, नइ त तहीं उठा ले!” नाहीतर मीच उचलावं म्हणे! सगळी टपरी हसली. दुप्पट कबूल केले. पण ते हसणं — ते डोक्यातून गेलं नाही.

त्याच दिवशी ट्रक भरून रवाना झाला आणि दुकालू आवारातल्या नळावर हात धुवायला बसला. त्या नळावर रविवारी वस्तीतलेही लोक येतात. शेजारी रचलेल्या सळ्या घसरल्या. त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली.

भरपाईचा कायदा मला तेव्हा कळला, आणि खरं सांगू? नवल वाटलं. चूक कुणाची, हे तो सहसा विचारतच नाही. मजुरी किती, वय काय, अपंगत्व किती, यावर रक्कम ठरते. प्रश्न मुख्य एकच — अपघात कामामुळे, कामाच्या ओघात झाला का? काम संपवून तिथंच हात धुणंही त्यात धरतात! हे कुणाला सुचलं असेल? शिवाय मी मजुरांचा विमा काढलेला होता. पैसे विमा कंपनी देणार होती, मी नाही.

कंपनीचा चौकशीचा साहेब दक्षिणेकडचा, हिंदी मोडकीतोडकी. कधी लागलं, त्यानं विचारलं. दुकालू म्हणाला, “छुट्टी होगे रिहिस.” इथं लहान पोरालाही कळतं — काम सुटलं होतं. साहेब अडखळला, माझ्याकडे वळला. “छुट्टी… मतलब, काम नहीं था?”

रविवारची हजेरी मी लावत नाही. तो कामावर होता हे साहेबासमोर सांगणारा मी एकटाच.

मी होकार दिला, “हव.”

आणि दुकालूनंही मान डोलावली! त्याला वाटलं, मी त्याचंच म्हणणं उचलून धरतोय.

सुट्टीच्या दिवशीचा अपघात म्हणून दावा फेटाळला गेला. तरी कायद्यानं देणं माझ्यावर होतंच. दुकालू कामगार आयुक्तांकडे माझ्याविरुद्ध जाऊ शकला असता. पण माझ्याविरुद्ध कशाला जाईल?

पैसे वाचवायला केलं असतं तर मला समजलं असतं — पैशासाठी मी काय काय करतो, ते मला ठाऊक आहे. हे मात्र फुकट केलं. एका हसण्यासाठी? एवढ्याशासाठी? स्वतःकडे बघून अजून हेच विचारतो.

दुकालू आता गुढियारीच्या बाजारात कांदे-बटाटे विकतो. कुणी पायाचं विचारलं की सांगतो — कंपनी बेईमान निघाली, पर भैया मोर तरफ ले बोलिस. त्याच्या बाजूनं बोललेला भैया म्हणजे मी; मी समोर असलो तरी सांगतो. मी ऐकून घेतो, आणि कांदे घेऊन निघतो.