रेनबो नावाची सून

हसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. हसालच तुम्ही, पण निदान हातातला कप खाली ठेवून हसा. कारण हा घोळ मी एकटीनं, पूर्ण शुद्धीत असताना घातलाय आणि त्यात सायखेड्याच्या नणंदेलाही ओढलंय!

आमचा मंदार न्यूझीलंडला नोकरीला. एकुलता एक. सुट्टी मिळाली की "नदीवर फिरायला जातो" म्हणायचा. कसली नदी, काय फिरणं, आम्ही कधी खोलात शिरलो नाही. आमच्या घरात माळ, त्यामुळे तिकडे तो काय खातो हेसुद्धा मी विचारत नसे. विचारलंच नाही तर खोटं बोलायची वेळ येत नाही, काय?

तर एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज असा, जणू लॉटरी लागली!

"आई, काल काय झालं माहितीये? पार डोंगरात, जिथं रस्ता पण नाही अशा नदीवर हेलिकॉप्टरनं गेलो. आणि तिथं मला रेनबो मिळाली!"

"कोण मिळाली?"

"रेनबो! रेनबो ट्राउट! काय देखणी आहे म्हणून सांगू. गालावर नुसती गुलाबी झाक."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मुलगी! नाव रेनबो, आडनाव ट्राउट. गोऱ्यांमध्ये असतात हो अशी नावं.

"घरची कशी आहे रे?" मी जपून विचारलं.

"घरची कुठली? फार्मवरची नाही, अगदी वाइल्ड आहे!"

म्हणजे शेतकऱ्याघरची नाही आणि जरा वांड आहे. ठीक आहे, मी मनाशी म्हटलं, मी तरी लग्नाआधी काय गरीब गाय होते?

"अरे पण करते काय ती?"

"काय करणार? दिवसभर पाण्यात उभी असते. वरून जे वाहत येईल ते खाते."

कुणाची लेक असेल बिचारी!

"मग पुढे काय ठरवलंय तुम्ही?"

"पुढे काय? दोन्ही हातांत धरली, फोटो काढला आणि सोडून दिली."

"सोडून दिलीस?"

"अगं, इथं सगळे सोडतात! पद्धतच आहे."

आणि फोन कट. त्याच्या डोंगरात रेंज नव्हती आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार होता. हेच संस्कार केले का मी?

थोड्या वेळानं फोटो आला. खाली लिहिलेलं, 'मी आणि रेनबो'. काचेसारखं पाणी, त्यात गुडघे टेकून बसलेला मंदार, हातात एक भलामोठा मासा. आता नदीवर गेलेत तर मासा असायचाच. माझं लक्ष होतं ते मागे. मागे एक मुलगी उभी होती. डोक्यावर टोपी, निळे डोळे, नाकावर उन्हानं आलेले ठिपके, आणि हसत होती. कॅमेऱ्याकडे बघून नाही बरं का, माझ्या मंदारकडे बघून.

त्या हसण्यावरच मी विरघळले. अशा पोरीला सोडतो हा गाढव?

लगेच मेसेज टाकला: 'ती आम्हाला पसंत आहे. सोडू नकोस. येताना घेऊन ये.'

उत्तर आलं: 'आई, काहीही काय! आणून करू काय? आपलं माळकरी घर, बाबा पानावरून उठतील.'

हात्तिच्या! म्हणजे हे कारण होतं. ती मांसमच्छी खाणारी, म्हणून आमच्यापायी पोरगं तिला सोडून मोकळं झालं!

मी ह्यांना सगळं सांगितलं. आमचे हे म्हणजे दिवसभरात मोजून बोलणारा माणूस. पेपरची नीट घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गच्चीवरच्या खोलीत शेगडी लावून देऊ. भांडी वेगळी. तिचं तिनं करून खावं. आपल्यापायी उपाशी थोडीच ठेवायचीये पोरीला?"

सांगते तुम्हाला, इतक्या वर्षांच्या संसारात मला हा माणूस त्या दिवशी नव्यानं आवडला.

पण मला कुठं दम निघतोय! सायखेड्याला माझ्या नणंदेला, कुसुमताईंना, फोन लावला. त्या द्राक्षांची पेटी घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर.

"वयनी, गोरी हाय ना? मंग लोकं काय बी म्हनंनात! आपुन येवल्याला जाऊ, पैठणी घेऊ तिला."

गेलो येवल्याला. निळ्या डोळ्यांना शोभेल अशी मोरपंखी पैठणी काढली. दुकानदारानं सहज विचारलं, सूनबाईंचं नाव काय? कुसुमताईंनी छाती काढून सांगितलं, "रेनबो! ट्राउटांकडची हाय!"

त्यानं मान डोलावली. चांगलं घराणं असावं, असा त्याचा चेहरा झाला होता.

मंदार सुट्टीवर आला तो दिवस. दारात रांगोळी, तीत मोठ्या अक्षरांत 'वेलकम रेनबो'. मी भाकरतुकडा घेऊन उभी, कुसुमताई ओवाळायचं ताट घेऊन, आणि हे चक्क इस्त्रीच्या शर्टात. गाडी थांबली. मंदार उतरला. एकटाच.

"ती कुठाय?"

"कोण ती?"

"कोण काय अरे? रेनबो!"

"आई, ती नदीत असेल ना!"

"नदीत? या वेळेला?"

"कुठल्याही वेळेला. ती राहतेच नदीत."

"आरं देवा!" कुसुमताई ओरडल्या. "घरदार बी नाय का पोरीला?"

मंदारनं रांगोळी वाचली. ताटाकडे बघितलं. बापाच्या शर्टाकडे बघितलं. आणि पायरीवरच बसला.

"आई, अगं मासा आहे तो! रेनबो ट्राउट म्हणजे मासा! माझ्या हातात होता ना फोटोत? मादी होती, म्हणून 'ती' म्हणालो!"

मग त्यानं सगळं सांगितलं. पिसांची खोटी माशी करायची, दोऱ्याला बांधून पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की धरायचा, डोळे भरून बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. मारायचा नाही. माळकरी घर म्हणून आम्हाला सांगायला बिचकत होता, एवढंच.

कुसुमताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मी पण हसायला गेले आणि मला रडूच फुटलं. अहो, जिच्यासाठी मी चादरीसुद्धा नव्या आणल्या, मनातल्या मनात जिची वेणी घातली, ती मासा निघाली!

तेवढ्यात हे बोलले. अगदी शांतपणे.

"मासा पुढे आहे. मागे उभी आहे ती कोण?"

मंदारचे कान लाल झाले. लहानपणी काच फोडून आला की व्हायचे तसे.

"ती... क्लेअर. तिनंच मला हे शिकवलं. बाबा, तो फोटो मी मुद्दाम पाठवला होता. वाटलं, तुम्ही विचाराल. कुणी विचारलंच नाही. मग धीर झाला नाही. तिचं खाणं, आपली माळ..."

मग ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गच्चीवर शेगडी लावलीये. चल, बघून घे, जमतीये का तिला."

मंदार बापाच्या गळ्यात पडला. असा तो शाळेत जायला लागल्यापासून पडला नव्हता.

मग काय, तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल! मी केस सारखे केले, चष्मा पुसला. किती तरी सांगायचं होतं हो. बाळ, कसलं मनावर घेऊ नकोस, हे तुझंच घर आहे, तू आम्हाला कधीपासून पसंत आहेस.

पडद्यावर तेच निळे डोळे आले. तिनं हात जोडले, आणि पाठ केलेलं एकेक अक्षर जपून उचलत चक्क मराठीत म्हणाली, "नमस्कार आई. जेवलात का?"

आणि मी, तिची होणारी सासू, ताठ उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "थँक यू! सेम टू यू!"

आणि घाबरून फोन कट केला.