अठ्ठावीस लाख म्हणजे जास्त की कमी?

गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात आम्ही चार मराठी माणसं रोज एकत्र डबा खातो. डबे संपतात, किस्से संपत नाहीत. आणि त्यातले निम्मे आमच्या निखिलच्या पगाराचे!

निखिल पुण्याहून आला तो वर्षाला अठ्ठावीस लाखांचं पॅकेज घेऊन. आईनं अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. पहिल्याच महिन्यात भाडं, डिपॉझिट आणि कॅबनं तो असा पिळून निघाला की आईला फोन केला, "पेढे उरले असतील तर पाठव."

*

त्याच्या स्वयंपाकाच्या कमलेशदीदीनं पहिल्याच दिवशी विचारलं, गाडी कोणती? गाडीच नाही म्हटल्यावर तिनं आपणहून दोनशे रुपये कमी केले. वर धीर दिला, "भैया, शुरू में सबके साथ होता है."

*

पुण्यात मात्र हा कुबेर! कुणाची परीक्षा, कुणाचा इंटरव्ह्यू, धाडा निखिलकडे. वन बीएचके; पाहुणे बेडरूममध्ये, हा हॉलमध्ये चटईवर. पाठ धरली तेव्हा ऑफिसनं त्याला महागडी खुर्ची घेऊन दिली.

*

आमच्या डब्याच्या चौकडीतली केतकी दिल्लीतच वाढली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि गावाकडचं कुणीतरी कायम मुक्कामाला. लहानपणी तिला वाटायचं, क्वार्टरबरोबर पाहुणेही सरकारच देतं.

*

या केतकीचं आणि निखिलचं जमलं. तिचे बाबा म्हणाले, "दिल्लीत अठ्ठावीस लाख जास्त की कमी, ते घर बघून सांगतो."

निखिलची पाचावर धारण बसली. नेमकी नांदेडची दोन मुलं तीन आठवडे घरात ठिय्या देऊन होती! त्यानं त्यांना मेट्रो कार्ड देऊन करोल बागेत पिटाळलं, गाद्या बाल्कनीत दडवल्या आणि चहा करायला मला बोलावलं.

बाबा केतकीला घेऊन आले, सोफ्यावर बसले. निखिलनं सॅलरी स्लिप पुढे ठेवली. त्यांनी तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ती दोघं, हातात बुटांचे खोके. "दादा, पाय गेले यार. गाद्या कुठायत?"

निखिल पांढराफटक. केतकी माझ्याकडे बघेना, आणि मी चहात आणखी दोन कप पाणी वाढवलं.

बाबांनी मुलांना जवळ बसवलं. कुठले, किती दिवस राहिलात, जेवता कुठे, सगळं विचारलं. मग दादा कुठे झोपतो, तेही. धाकट्यानं चटईकडे बोट दाखवलं.

बाबांनी फोन काढून घरी लावला.

"अगं, पगार भरपूर आहे. तारीख बघायला घे."