डाव्या खांद्याचं दुखणं

सेवेलमा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होती, पण आईच्या गेरमध्ये, त्या गोल लोकरी तंबूत, पाऊल टाकलं की ती नुसती दुल्माची थोरली बहीण उरायची.

वडील गेले तेव्हा सेवेलमा उलानबातरला शिकत होती. घोड्यांचा कळप दुल्मानं सांभाळला. पुढे सेवेलमा परत आली, तालुक्याला नोकरी धरली, निम्म्या खोऱ्यातली बाळंतपणं तिच्या हातून झाली. तरी आईकडे कुणी आलं की विषय निघायचा तो दुल्माचाच. दुल्मानं तो पिसाळलेला करडा घोडा कसा वठणीवर आणला, दुल्माच्या हातचा आयराग प्यायला माणसं कुठून कुठून येतात. घोडीचं ते आंबवलेलं दूध सेवेलमाही प्यायची, आणि ते खरोखरच चांगलं असायचं. दर घोटाला तिला त्याचाच राग यायचा.

त्या उन्हाळ्यात ती सुट्टी काढून आईकडे गेली. आईसाठी शहरातून गरम अस्तराचे बूट मागवले होते. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, "छान आहेत," म्हणाली आणि पेटीवर ठेवून दिले. मग तिनं भिंतीवरचा लगाम काढला.

"हा बघ. दुल्मानं स्वतः वळलाय. हात फिरवून बघ, एक गाठ खुपायची नाही."

सेवेलमानं हात फिरवला. गाठ खुपली नाही.

तेवढ्यात बाहेरून दुल्माच्या नवऱ्याची, मागसरची हाक आली. दोघी धावत गेल्या. शिंगरं बांधायच्या दोराजवळ दुल्मा खाली बसली होती. दूध काढून ती उठत असताना मागची घोडी बिथरली आणि तिनं लाथ झाडली होती. दुल्माचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती हसत होती.

"काही नाही ताई, जरा श्वास अडकला. मागसर, ते तांबडं शिंगरू आण इकडे."

शिंगरू जवळ आलं की घोडी पान्हा सोडायची. आणि दुल्मा उठून खरोखरच पुढच्या घोडीजवळ गुडघा टेकून बसली. राहिलेल्या घोड्या तिनं पिळून घेतल्या, मगच आत आली. आई कौतुकानं बघत राहिली.

"बघितलंस? दुसरी कुणी असती तर आठ दिवस अंथरूण धरलं असतं."

दुसरी कुणी म्हणजे कोण, हे सेवेलमाला विचारावंसं वाटलं नाही.

आत तिनं दुल्माला पलंगावर निजवून अंगरखा वर केला. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगड्यांवर खुराचा ठसा उमटला होता. बरगडीवर बोट ठेवताच दुल्मानं दात आवळले. पोट मऊ होतं. दाबल्यावर "दुखतं थोडं" एवढंच म्हणाली.

"मुका मार आहे. एखादी बरगडी तडकली असेल. पडून राहा."

"तुझे हात किती गार गं ताई! दवाखान्यात लोक पळून जात नाहीत का?"

आई हसली. सेवेलमानं हात पुसले.

थोड्या वेळानं खोऱ्यातले एक म्हातारे शेजारी आले. आईनं त्यांच्यापुढे वाडगा ठेवला आणि लाथेची गोष्ट सांगायला घेतली. सांगता सांगता घोडी मोठी होत गेली, लाथ जोरकस होत गेली. डॉक्टर लेकीनं तपासलं, याचा उल्लेख कुठेच आला नाही. दुल्मा पलंगावरून म्हणाली, "आई, जरा पाणी दे गं. आणि हा खांदा कसला दुखतोय कोण जाणे."

"कुठला खांदा?" सेवेलमानं विचारलं.

"डावा."

"लाथ खांद्याला लागली?"

"नाही."

"आपटलीस त्याच्यावर?"

"नाही गं. आडवी झाल्यापासूनच दुखतोय."

आई लगबगीनं उठली, उशी सारली, केसांवरून हात फिरवला. आता खांदाही का, असं सेवेलमाच्या मनात आलं. लहानपणी हिला ताप यायचा तो नेमका माझ्या परीक्षेच्या दिवशी. ती बाहेर पडली.

दोराला बांधलेली शिंगरं उन्हात शेपट्या हलवत उभी होती. सेवेलमा त्यांच्यापाशी उभी राहिली आणि मनातल्या मनात आईशी भांडू लागली. बूट, लगाम, बाळंतपणं, सगळं काढून झालं. पण त्या भांडणात तो खांदा मध्ये मध्ये येत राहिला. मार जिथे लागलाच नाही तिथे दुखणं. तेही आडवं झाल्यावर सुरू होणं. आणि पाणी. दुल्मानं आल्यापासून कितव्यांदा तरी पाणी मागितलं होतं, आणि समोरच्या मांसाच्या ताटाकडे वळूनही पाहिलं नव्हतं. एरवी तिच्या पुढ्यात हाडूक उरत नसे.

डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. ती फाटली की रक्त पोटात साचतं, वरच्या पडद्याला जाऊन भिडतं, आणि कळ उठते खांद्यात. दुसऱ्या कुणाची बहीण असती तर सेवेलमाला हे तिथल्या तिथे सुचलं असतं. तिची कानशिलं तापली. ती धावत आत गेली.

आई वितळलेलं लोणी हातावर घेऊन दुल्माचं पोट चोळायच्या बेतात होती.

"आई, हात लावू नकोस. पाणीही देऊ नकोस."

"अगं, तूच म्हणालीस ना मुका मार म्हणून?"

"म्हणाले. आता पुन्हा बघते."

नाडी मघापेक्षा बरीच जोरात पळत होती. हात घामेजलेले, गार होते, आता सेवेलमाच्या हातांपेक्षाही गार. पोट डावीकडे ताठ झालं होतं, आणि बोट लावताच दुल्मानं तिचं मनगट धरलं. साचलेलं रक्त वर सरकून खांद्याची कळ वाढते का, ते बघायला सेवेलमानं तिचे पाय अलगद वर उचलले.

"खांदा?"

"वाढला," दुल्मा म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

"मागसर, गाडी काढा. हिला हलकेच उचलायचं."

"माझ्या पोरीला उगाच घाबरवू नकोस," आई म्हणाली. "ती तुझ्यासारखी नाजूक नाही."

"घट्टमुट्ट माणसाचंच उशिरा कळतं, आई. ते सोसत बसतं." सेवेलमाचा आवाज चढला होता. "तिचं कौतुक नंतर कर. आधी दार मोकळं कर."

आई बाजूला झाली.

गाडी जुनी, रशियन, खड्ड्याखड्ड्याला उसळणारी. मागसर जमेल तितकी जपून हाकत होता. दुल्मानं डोळे मिटले होते.

"ताई."

"बोलू नकोस."

"आई माझं कौतुक करते तेव्हा तुझ्या पोटात दुखतं ना? आज माझ्याच पोटात दुखतंय बघ."

"गप्प पड."

"म्हणजे दुखतं."

"हो, दुखतं," सेवेलमा म्हणाली. "आता गप्प पड."

तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं छोटं यंत्र होतं. पडद्यावर यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये, जिथे काहीच असायला नको, तिथे काळा पट्टा दिसला. प्लीहेभोवतीही तसाच. सेवेलमानं दोन्ही हातांना सलाइन लावलं, जिल्ह्याच्या सर्जनला फोन करून रक्त तयार ठेवायला सांगितलं, आणि रुग्णवाहिकेत बहिणीची नाडी धरून बसली. वाटेत रक्तदाब उतरू लागला. पोहोचताच दुल्माला थेट शस्त्रक्रियेसाठी आत नेलं.

प्लीहा काढावी लागली. दुल्मा वाचली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर, वेळेवर आणलंत." सेवेलमानं त्यांचे आभार मानले. लोणी घेतलेला आईचा हात तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि शिंगरांपाशी उभं राहून घालवलेला वेळही.

आई दुसऱ्या दिवशी आली. दुल्माच्या उशाशी बसून रडली. मग सेवेलमाकडे वळली. आता ती काहीतरी बोलेल, असं सेवेलमाला वाटलं.

"घोड्या कोण पिळणार?" आई म्हणाली.

सेवेलमानं सुट्टी वाढवून घेतली. पहिले काही दिवस घोड्यांनी तिला जवळ येऊ दिलं नाही. मागसर शिंगरू धरायचा, ती आचळाला हात लावायची, आणि घोडी सरकायची. बादलीत जेमतेम बूड झाकेल एवढं दूध जमायचं. आई दारातून बघत म्हणायची, "दुल्माचा हातच वेगळा."  डास मारत, शिव्या घालत सेवेलमा पुढच्या घोडीकडे जायची, आणि हळूहळू बादली अर्धी भरू लागली.

दुल्मा घरी आली तेव्हा तिला वजन उचलायला मनाई होती. प्लीहा गेलेल्या माणसाला लागणाऱ्या लसी सेवेलमानं स्वतः टोचल्या, आणि साधा ताप आला तरी तडक दवाखाना गाठायचा, असं तिला तीनतीनदा बजावलं. भेटायला आलेल्यांनी गेर भरलं. आईनं गोष्ट सुरू केली.

"पोटात रक्त साचत होतं, तरी माझ्या लेकीनं पाच घोड्या पिळल्या."

"तीन," सेवेलमा म्हणाली.

"तू होतीस का मोजायला?"

"समोरच उभी होते, आई."

पलंगावर दुल्माला हसू आलं, आणि टाक्यांवर हात दाबून ती कळवळली. "हसवू नका गं दोघी."

सेवेलमा उठली, तिच्याजवळ गेली आणि सवयीनं पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं.

"अजून गारच आहेत हात," दुल्मा म्हणाली.

"सहन कर," सेवेलमा म्हणाली आणि नाडी मोजू लागली. मागे आईची गोष्ट चालूच होती. घोड्या आता सहा झाल्या होत्या.