चाळीसवरचा काटा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. उलव्याच्या रस्त्यावरचं ते एक मात्र तसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं, आणि आलं की दिवसभर जात नाही.

त्या वेळी मी पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळच्या हजेरीच्या वेळीच फोन आला. खडीने भरलेल्या ट्रकने वळणावर मासळीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला उडवलं होतं. ती जागीच गेली. बाई उरणजवळच्या करंज्याची, कोळीवाड्यातली. उलव्यात नव्या इमारती झाल्या तशी तिची गिऱ्हाइकंही तिकडे वाढली होती. आम्ही पोचलो तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर पळून गेला नव्हता. साठीच्या पुढचा तो माणूस तिच्याशेजारी रस्त्यावर बसून होता. लोकांनी मारलं होतं, तरी हलला नव्हता.

पंचनामा केला. ब्रेकच्या खुणा लांबलचक होत्या. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातही ट्रक वेगात दिसत होता. जबाब घेताना मात्र ड्रायव्हर एकाच गोष्टीवर अडून बसला.

"साहेब, काटा चाळीसवर होता. भरलेली गाडी मी कधीच त्याच्यावर नेत नाय."

"काका, खुणा वेगळं सांगतात."

"मारलं मीच. ते मी नाकारत नाय. पन काटा चाळीसवर होता."

मृत्यूची जबाबदारी घेणारा माणूस वेगाबद्दल खोटं का बोलेल, हे मला कळेना. पण नुसत्या शंकेवर तपास चालत नाही. त्याला अटक दाखवली आणि कागदपत्रं पुढे सरकली.

ट्रक त्याच्या पुतण्याचा होता. गावातली शेती विमानतळासाठी गेल्यावर त्याने खडीच्या वाहतुकीचा धंदा सुरू केला होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून या काकानेच त्याला वाढवलं, गाडी चालवायला शिकवलं. अटकेनंतर पुतण्या रोज डबा घेऊन ठाण्यात यायचा. काकाच्या समोर बसून राहायचा, पण फारसं बोलायचा नाही. दुःखामुळे असेल, असं मला वाटलं.

काही दिवसांनी ठाणे अंमलदाराने सांगितलं की एक माणूस सकाळपासून फाटकाबाहेर घुटमळतोय. त्याला आत बोलावून चहा दिला. कळंबोलीला गाड्यांचे मीटर दुरुस्त करणारा होता तो.

"साहेब, त्या ट्रकचे सगळे काटे मीच बदललेत," तो म्हणाला. "गाडी जुनी, एकही काटा चालत नव्हता. हवेचा, ऑईलचा, तापमानाचा नवीन टाकला. स्पीडचा मीटर मात्र दुसऱ्या गाडीचा बसवला. मी मालकाला बोललो, हा या गिअरबॉक्सला जुळत नाही, वेग कमी दाखवेल. तो बोलला, मला तसाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून तो ट्रक सरळ रस्त्यावर चालवून पाहिला. मी आमच्या खात्याच्या ड्रायव्हरशेजारी बसलो. डॅशबोर्डवरच्या नव्या काट्यांना कुणीतरी हळदकुंकू लावलेलं होतं. मीटरचा काटा चाळीसवर आला तेव्हा हातातल्या फोनवरचा जीपीएस छप्पन्न दाखवत होता. पुढे चाललेल्या आमच्या जीपमध्येही तोच आकडा. परत फिरून पाहिलं, तरी तेच.

पुतण्याला बोलावलं. आधी तो मीटरवाल्यावर ढकलू लागला. मी वाद घातला नाही. माझा अनुभव असा की माणूस आरोपाची तयारी करून येतो, साध्या प्रश्नाची करत नाही. मी एवढंच विचारलं, "काका पहिल्यापासून असेच सावकाश चालवतात का?"

त्याने हातातला डबा टेबलावर ठेवला.

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "बाकीच्या गाड्यांच्या फेऱ्या व्हायच्या, आमची गाडी मागेच. काढून टाकू कसा त्यांना? बापाच्या जागी हायत. जोरात चालवा बोललो असतो तर रुसून घरी बसले असते. त्यांचा विश्वास फक्त काट्यावर. मला वाटलं, त्यांना कळणार नाय आणि कामही होईल." मग त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

गुन्ह्यात त्याचं नाव आलं, सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. काकाला हे सांगायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

"गाडी पळतेय असं मला वाटायचं, साहेब," तो हळूच म्हणाला. "अंगाला कळायचं. मग काटा बघायचो आणि मनाला समजवायचो, तुझं वय झालं, आता तुला भीती वाटायला लागली." मग म्हणाला, "नवीन काटे लावले तवा घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगा माझी काळजी घेतो."

पुढे काकाला जामीन मिळाला. पुरवणी जबाबासाठी मी करंज्याला त्या बाईच्या नवऱ्याकडे गेलो होतो, तेव्हा म्हातारा तिथे दारात येऊन उभा राहिला. नवरा जाळं दुरुस्त करत होता. मीटरची हकीकत मी त्याला नुकतीच सांगितली होती. त्याने वर पाहिलं.

"साहेबांनी सांगितलं मला. तुमचा दोष नाय," तो म्हणाला. "पन तुमी परत येऊ नका. इतके दिवस तुमच्यावर राग धरून मी उभा होतो. आता तोबी धरता येत नाय."

म्हातारा हात जोडून मागे वळला.

खरं बाहेर आलं की कुणाचं तरी ओझं उतरतं, या समजुतीवर मी सगळी नोकरी केली. या प्रकरणात तपास चोख झाला, आरोपपत्र वेळेत गेलं, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण त्या खऱ्याने म्हाताऱ्याचा पुतण्या नेला आणि कोळ्याचा राग नेला. दोघांच्याही हाती काहीच उरलं नाही. तपास करणं आपलं काम आहे आणि ते केलंच पाहिजे, यात मला आजही शंका नाही. त्यातून कुणाला दिलासा मिळेल, अशी आशा धरणं मात्र मी तेव्हापासून सोडून दिलं.

परत निघताना म्हातारा बंदराच्या रस्त्याने एकटाच चाललेला दिसला. जीप थांबवून मी त्याला बसायला सांगितलं.

"नको साहेब," तो म्हणाला. "चालतच जातो. गाडीत बसवत नाय आता."