दिवा विझेपर्यंत

किल्ली अर्धी फिरवली, की मामा उजवा पंजा वर करायचे. "पोरुमै, तंबी." पोरुमै म्हणजे धीर, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत ट्रक चालू करायचा नाही, हा त्यांचा नेम.

चेन्नईत थंडी हवी असेल तर इरुंगाट्टुकोट्टैला आमच्या कारखान्यात यावं. डोंगरातल्या गारठ्यात डिझेल इंजिन चटकन चालू व्हावं म्हणून आत जाणारी हवा तापवणारे हीटर आम्ही बनवतो, आणि अख्खा ट्रक मावेल एवढ्या थंड खोलीत ते तपासतो. मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, तिथले जुने इलेक्ट्रिशियन. तंजावरी मराठी, राहायला मैलापूरला. बाहेर सगळ्यांच्या घामाच्या धारा लागलेल्या असताना हे माकडटोपी घालून कंपनीच्या बसमधून उतरायचे.

हवा तापेपर्यंत दिवा जेमतेम वीस-पंचवीस सेकंद पेटायचा. तेवढ्यात मामा शेजारच्याला एकच प्रश्न विचारायचे. "आई काय म्हणते?" "दाढ दुखायची थांबली काय?" उत्तर लांबलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी, पण विसरायचे नाहीत.

मी पुण्याहून नवा आलेलो, हुशारी अंगात मावत नव्हती. पहिल्याच महिन्यात पाहिलं, ट्रक चालू झाल्यावर व्होल्टेजचा काटा सारखा पडतोय, हेडलाइट मंदावतायत. गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर बदलला. दुसराही तसाच, तिसराही. मग अल्टरनेटरचा सगळा माल सदोष ठरवून परत पाठवायचा अहवालच लिहिला. साहेबांना तो संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि मी होतो प्रोबेशनवर.

मामांनी अहवाल वाचला आणि मला ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं. "नुसता ऐक." इंजिन चालू होतं. टक् झालं, काटा पडला. पुन्हा टक्, काटा चढला. इंजिन चालू झाल्यावरही हीटर मधूनमधून लागतो आणि भसाभसा वीज ओढतो, हे आमच्याच कारखान्यात बसून मी विसरलो होतो!

"आजारी न्हवे पा," मामा म्हणाले. "जेवतंय ते. जेवणाऱ्याला कोण आजारी म्हणतं?"

माझे कान तापले. साहेब आले तेव्हा मामाच पुढे झाले. "मीच परत तपास म्हटलों त्याला. उद्या देईल." दुसऱ्याची लाज अशी झाकणारी माणसं तुम्हालाही भेटली असतील. मला भेटलं ते हे एक, आणि पुरलं.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी शेवटची चाचणी होती. दिवा पेटला. या वेळी प्रश्न मीच विचारला, "मामा, उद्या काय करणार?"

"टोपी धुणार," ते हसून म्हणाले.

दिवा विझला. मामांचा हात किल्लीवर होता, पण किल्ली फिरेना. हसता हसता त्यांचे डोळे भरले होते. बाहेरून साहेबांनी काचेवर टकटक केली, मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

मी उजवा पंजा वर केला.